रकाना अकरावा

ता. ३ नोव्हें., सोमवार
मुठा गावाच्या पुढे प्राण्यांची संस्था आहे, तेथे एस.टी.ने गेलो. ताम्हिणीच्या रस्त्यावर दोन महिन्यांपूर्वी जी कुत्री मी गाडीतून पाहिली होती, ती बरी झाली आहे. निम्मी कारवानी शिकारी जातीची, निम्मी गावठी. लांब पाय, आत गेलेले पोट. त्या दिवशी ती एका पांढऱ्या मोटारीमागे जीव तोडून धावत होती. मी कंडक्टरला बेल मारायला लावून उतरलो होतो, पण हाती लागली नाही. मग संस्थेस फोन केला, त्यांनी तिला धरून नेले. आज तिने ओळख दाखवली नाही.
चार पानी अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात भरला. संस्थेतील मुलगी, नाव मृणाल, म्हणाली, "आजोबा, द्या, मी लिहिते." दिला नाही. चौथीपर्यंतच शिकलो, परंतु अर्ज कधी दुसऱ्याकडून लिहून घेतला नाही.
रकाना ११: यापूर्वी पाळलेले जनावर कधी सोडून दिले आहे काय? "नाही" असे लिहिले.
रकाना १४: आपल्या पश्चात सांभाळ कोण करील? मुलगी म्हणाली, "वय अठ्ठ्याहत्तर आहे ना, म्हणून विचारावं लागतं." चि. दत्तात्रय, राहणार सूस, असे लिहून त्याचा नंबर दिला. त्यास विचारलेले नाही. या मुली कुठे फोन करतात.
ता. ७ डिसें. पर्यंत कुत्री तात्पुरती माझ्याकडे. त्यानंतर कायमचा कागद.

ता. ६, गुरुवार
कुत्री आली. संस्थेने "रूबी" नाव ठेवले आहे. मी पाहुणी म्हणतो. कागद होईपर्यंत तेच योग्य.
शेजारच्या जनाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, ह्या वयात कुत्री आणली व्हय? त्यापरीस बाई आणली आसती तर आयती भाकर तरी मिळाली आसती." योग्य उत्तर दुपारी सुचले, तोवर त्या शेतावर गेल्या होत्या.
पाहुणी काहीही खात नाही. मोटारीचा आवाज आला की फाटकाशी जाऊन उभी राहते.

ता. ११, मंगळवार
दूधभाकरी खाल्ली. मी पाठ फिरवल्यावर. पाहत असताना नाही. तिचा हा स्वभाव मला पटला.

ता. १५, शनिवार
पलीकडची जमीन पाहण्यास पुण्याचे लोक आले होते. पांढरी मोटार. परत निघाली तशी पाहुणी मागे सुटली. हाका मारल्या, ऐकले नाही. काठी घेऊन पाऊण तास चाललो. पिरंगुटच्या वळणावर सापडली. रस्त्याच्या कडेला बसून पुढे पाहत होती. मी आल्याचे कळले, तरी मान वळवली नाही.
तेथेच दगडावर बसलो. गुडघा सुजला आहे.
तोही वळणापर्यंत

ता. १६, रविवार
काल वाक्य अर्धे टाकले. अर्धे टाकण्याची मला सवय नाही, म्हणून लिहितो.
आमच्याकडे वाघ्या नावाचा कुत्रा होता. दत्ता तेव्हा अकरा वर्षांचा. कुत्रा त्याचा. वाघ्याने कोणाच्या तरी कोंबड्या मारल्या आणि त्या माणसाने देवळापुढे चारचौघांत मला सुनावले. चारचौघांत कोणी मला बोलावे, हे तेव्हा मला सोसत नसे. दुसऱ्या सकाळी दत्ता शाळेत गेल्यावर वाघ्याला दुधाच्या गाडीत घातले आणि ताम्हिणीत सोडले. गाडीमागे धावत आला. मी मागे पाहत होतो. दुसऱ्या वळणानंतर दिसला नाही.
दत्ताला सांगितले की, दोर तुटला. तीन दिवस तो भाकरी घेऊन पिरंगुटपर्यंत हाका मारत फिरला. मी फिरू दिले.
माझी पत्नी कै. हौसा हिला ठाऊक होते. ती मला एक शब्दही बोलली नाही. मात्र वाघ्यासाठी उरल्या पिठाची लहान चानकी ती रोज थापीत असे, ती तिने बंद केली नाही. रोज उंबऱ्याबाहेर ठेवी. गावातले कोणते तरी कुत्रे खाऊन जाई. दोन वर्षांपूर्वी गेली, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत ठेवीत होती.
दत्ता मोठा झाल्यावर त्याला दूधवाल्याकडून समजले. एकदाच बोलला. "अण्णा, दोर मीच बांधला व्हता. तुटणारा न्हवता." त्यानंतर विषय नाही. सणाला येतो, विचारले तेवढे बोलतो, अंधार पडण्याआधी सूसला परत जातो.

ता. २१, शुक्रवार
मृणालचा फोन. तिने दत्ताला फोन केला होता. माझे नाव ऐकताच त्याने प्रथम विचारले, "अण्णा हायेत ना?" नंतर तिने अर्ज वाचून दाखवला. अकराव्या रकान्याविषयी त्यालाही विचारले. तो म्हणाला, "आमच्या घरात आसलं कधी झालं न्हाई." पश्चात सांभाळण्यासही होकार दिला.
"आजोबा, किती छान बोलले तुमचे चिरंजीव. आता काही अडचण नाही," असे ती म्हणाली.
मी बरे म्हटले. रात्री जेवलो नाही.

ता. २४, सोमवार
आज स्वतः चानकी थापली. कड करपली. पाहुणीने माझ्यासमोर खाल्ली. नंतर माझ्या वहाणांवर हनुवटी ठेवून झोपली. दुपारी मला बाहेर जायचे होते, गेलो नाही.
दत्ता माझ्यासाठी खोटे बोलला. ज्या गोष्टीसाठी त्याने मला कधी क्षमा केली नाही, त्याच गोष्टीसाठी.

ता. २८, शुक्रवार
पौडला जाऊन टपालात पत्र टाकले. मजकूर येथे उतरवून ठेवतो:
"रकाना ११ मधील माझे उत्तर असत्य आहे. खरे उत्तर होय असे आहे. पाळलेला कुत्रा मी स्वतः घाटात सोडला व घरी खोटे सांगितले. माझ्या मुलास हे माहीत होते. त्याने बापाची लाज राखली, त्यास दोष देऊ नये. कुत्रीबाबत आपला निर्णय मला मान्य राहील."
शेवटचे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले.

ता. ३ डिसें., बुधवार
मृणालचा फोन. पत्र मिळाल्याचे सांगितले. मग, "आजोबा, हे लिहिलं नसतंत तरी चाललं असतं." मी म्हणालो, चालले नसते. संस्थेची मोठी माणसे ठरवणार. रविवारी सकाळी गाडी येईल. कागद घेऊन येईल किंवा पाहुणीला नेण्यासाठी. तिला स्वतःलाही माहीत नाही.
संध्याकाळी दत्ताचा फोन. सण नसताना. पत्राचे मृणालने त्याला कळवले होते.
"अण्णा, कशाला लिवलंत? मी सांगितलं व्हतं ना त्यांना."
"ते खोटे होते."
मला वाटले, फोन ठेवला. मग म्हणाला, "वाघ्या कुटवर आला व्हता गाडीमागं?"
अडतीस वर्षांत त्याने हे विचारले नव्हते.
"दुसऱ्या वळणापर्यंत."
"दिसत व्हता तुमाला?"
"होय."
पलीकडे त्याच्या घरात कोणीतरी जेवायला हाक मारत होते. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

ता. ७, रविवार
पाहुणीला ओल्या फडक्याने पुसले. चानकी दोन केल्या. एक तिने खाल्ली, एक उंबऱ्याबाहेर ठेवली आहे. जनाबाई कुंपणाशी आल्या. आज थट्टा केली नाही. "न्हेणार व्हय तिला?" एवढेच. ठाऊक नाही म्हणालो.
तिला बांधलेले नाही. मनात आले होते, दोर हातातही घेतला होता. पुन्हा खुंटीला लावला. फाटकाची कडी काढून ठेवली आहे.
दहा वाजले. खालच्या रस्त्यावर मोटार वळल्याचा आवाज आला. पाहुणी उठून फाटकाशी गेली. झाडीतून पांढरे दिसते आहे. संस्थेची गाडी पांढरी आहे. दत्ताचीही पांढरीच. तो येतो असे म्हणाला नव्हता.
चष्मा आत राहिला आहे. आणायला जात नाही.