अकरा गोधड्या जेवल्या, एक राहिली

काळेवाडी, पिंपरी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे.
(अकरा गोधड्यांच्या गठ्ठ्यावर बसून लिहीत आहे. उठलो की गठ्ठा फुगतो.)

तीर्थरूप धोंडीबामामा यांना भाचा संघर्षचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आता बरा असेल आणि मामी तेल लावायची आठवण करून देत असतील, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. आजीचा, म्हणजे तुमच्या आईचा, मोतीबिंदू काढल्यापासून तिला सुईत दोरा स्वतः ओवता येतो, त्यामुळे घरात कुठलंच जुनं कापड सुरक्षित नाही. आमच्या साक्षीच्या लग्नात तुमच्या सफारीच्या शर्टावर वरण सांडलं आणि शर्ट धुवायला इथेच राहिला, तो डाग पूर्ण निघाला आहे. शर्टाबद्दल पुढे लिहितोच.

मोठी बातमी अशी की काळेवाडीच्या गोधड्या मंगोलियाला चालल्या आहेत. उन्हाळ्यात विहारात तिकडचे एक भंतेजी आले होते. त्यांच्याकडे पोरांचं एक लहानसं वसतिगृह आहे, आणि थंडी अशी की ओलं कापड वाळत घातलं तर फळीसारखं उभं राहतं, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या बाया हळहळल्या. आजी हळहळली नाही, उठून पोरं किती ते विचारून आली. बारा. त्या दिवसापासून महिला मंडळ शिवत होतं. मामा, एकेका गोधडीत अख्खी गल्ली आहे. आईची लग्नातली साडी, बाबांचा कंपनीचा खाकी युनिफॉर्म, मंडळाच्या अध्यक्षा कुसुमताई यांच्या सासूचं लुगडं. टाके असे एकसारखे की मी चाकणला रोज जे पार्ट पॅक करतो त्यांची मशीनवर तपासणी होते, तरी त्यांच्यात एवढा सारखेपणा नसतो.

पाठवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पॅकिंगला आहे. (शाळा दहावीनंतर सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही, म्हणून मंडळाचे अर्जही मीच लिहितो.) विमानाचा भाव काढला तेव्हा आई म्हणाली, तेवढ्यात ती पोरंच इथं येऊन पांघरून झोपून परत जातील. विमानवाले वजन बघत नाहीत, जागा बघतात, आणि गोधडीला हा अन्याय आहे, कारण हवा धरून ठेवणं हेच तिचं काम. शेवटी मोशीचा रविराज, जो कंपन्यांचा माल परदेशी पाठवतो, त्याने जहाजाच्या एका कंटेनरमध्ये एका खोक्यापुरती जागा स्वस्तात दिली. मी वर्गणीचे पैसे भरले, पावती घेतली, घरी येऊन नकाशा उघडला, तर मंगोलियाला समुद्रच नाही. मला जेवण गेलं नाही. फोन केला तर रविराज म्हणाला, भावा, जहाज चीनपर्यंत, पुढं रेल्वे. हे मी त्याच्याकडून लिहून घेतलं.

खोकं एकच, तेव्हा हवा काढणं भाग होतं. म्हणून गोधड्या रचून मंडळाच्या सहा बाया वर बसवल्या (कुसुमताई मधोमध, त्या अध्यक्षा आहेत, दुसरं कारण नाही). गठ्ठा छान बसला. मी कोपरे दाबून बघत होतो तर बोटाला खरखर लागली. दुसऱ्या गोधडीतही लागली. बाराही गोधड्यांत ज्वारी होती, मामा. आणि मी आदल्याच दिवशी सही करून दिलं होतं की मालात धान्य, बी किंवा खाण्याचा कुठलाही पदार्थ नाही.

विचारलं तर सगळ्या पंख्याकडे बघू लागल्या. आजीने मात्र शांतपणे सांगितलं की गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नसतं, म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात मूठभर घातली आहे. मी समजावलं, की परक्या देशाला दुसऱ्याच्या किड्याची भीती असते, दाणा सापडला तर अख्खं खोकं जाळतील, आणि सही माझी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"उपाशी गोधडी म्या कुनाच्या लेकरावर घालनार न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुझं मंगोलिया."

आणि गठ्ठ्यावर जाऊन बसली. मंडळ तिच्या बाजूने. बारा पोरं तिकडे, त्यांच्या गोधड्या इकडे आजीखाली, आणि येत्या शनिवारी कंटेनर बंद होणार.

तोडगा मी काढला, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्वारीऐवजी बटण. आजी कबूल झाली, पण दुकानातलं नको म्हणाली. गोधडीत सगळं घरच्यांच्या अंगाला लागलेलं असतं, तर पोटातलंही तसंच पाहिजे. मी माझ्या शर्टांची बटणं काढून दिली. त्यांच्यावर सहा बाया बसल्या. चुरा झाला. म्हणजे प्लॅस्टिक चालत नाही, धातू पाहिजे. माझ्या युनिफॉर्मला चेन, बाबांच्या पँटींना हूक. पण शेवटी घरातच उत्तम पितळी बटणं निघाली आणि काल अकरा गोधड्यांची पोटं भरली. आजीने एकेक कोपरा चाचपला आणि मान हलवली. आमच्या क्वालिटीच्या साहेबांची मान हलली तरी मला एवढं बरं वाटत नाही.

आता माझ्यासोबत पॅकिंगला असलेला गणराज आमच्या कंपनीतून पट्टी आवळायचं मशीन आणेपर्यंत (साहेबांना विचारून) मी इथे बसून आहे. बारावीसाठी खोक्यात वरती जागा सोडली आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता मी बोटभर उंच अक्षरांत, इंग्रजीत आणि मराठीत लिहिला. चीनच्या रेल्वेत कुणाला वाचता येणार नाही, पण हे कुठून तरी मन लावून आलं आहे एवढं त्याला कळेल.

मामींना जयभीम. गुडघ्याकडे दुर्लक्ष करू नका.

तुमचा
संघर्ष

ता. क. बटणं तुमच्या सफारीची आहेत. पुढची पाच, खिशांची चार, खांद्यांची दोन. ती सफारी तुम्हाला कंपनीने निवृत्तीला शिवून दिलेली, हे मला माहीत आहे. कात्री तुमच्या आईने चालवली. मी फक्त शर्ट धरला होता. डाग मात्र पूर्ण निघाला आहे.

ता. क. २. सफारीची पँट तुमच्याकडे आहे आणि तिच्या मागच्या खिशाला तसंच एक बटण आहे. साक्षी शुक्रवारी तिकडून, सासरहून, इकडे यायला निघणार आहे, तिच्या हाती द्यावं. पाकीट पुढच्या खिशात ठेवत जा. (पत्र वेळेत पोचावं म्हणून याचा फोटो मोबाइलवरही पाठवतो. फोन करून सांगायची छाती झाली नाही.)

ता. क. ३. हे आजी लिहायला सांगते आहे. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही सात वर्षांचे होता. घरात काही नव्हतं तेव्हा तिने गोधडीचा कोपरा उसवला आणि आतल्या मूठभर ज्वारीची आंबील करून तुम्हाला पाजली. तिचे शब्द: "धोंडीला म्हनावं, तवा तू गोधडीचं खाल्लंयस."

हिशेब:
खोक्याचं भाडं, रु. ६,८०० (वर्गणीतून).
पट्टी आणि प्लॅस्टिक, रु. ३१० (माझे).
बिनबटणांचे शर्ट, चार (माझे).
तुमचं आमच्याकडे येणं: पितळी बटणं, अकरा.
तुमच्याकडून गोधडीचं येणं: ज्वारी, एक मूठ, सन १९७२ पासून. आजी एका बटणावर मिटवायला तयार आहे.