भिजलेला चेंडू

बाबा, काल इथे जपानात अराकावा नदीकाठच्या मैदानावर तुमच्या नातवाने डोक्याने गोल केला. तुम्ही गेलात तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता, पण उडी अगदी तुमची. आमच्या फुनाबोरीच्या घरापासून मैदान सायकलवर जवळ, म्हणून दर रविवारी मी त्याच्याबरोबर जातो. हल्ली जाताना मनात पाल चुकचुकते.

अमेरिकेतल्या त्या कोळसाखाणीच्या गावाची गोष्ट तुम्ही जेवताना कितीदा सांगितलीत! तुम्ही तिथे शिकायला गेलात आणि सुटीच्या दिवशी खाणकामगारांच्या पोरांबरोबर खेळू लागलात. आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात, हे ऐकून आम्हाला मौज वाटायची. गावाचा पहिला संघ त्या पोरांच्या आजोबांनी उभा केलेला. बोटीतून उतरलेली स्कॉटिश, पोलिश माणसं, खाणीतल्या लाकडांचे गोलपोस्ट, कोळशाच्या चुऱ्याचं मैदान आणि पाणी पिऊन दगड झालेला कातडी चेंडू. त्या संघातला एक म्हातारा अजूनही दर रविवारी बूट बांधून यायचा आणि भेटेल त्याला विचारायचा, "शिट्टी झाली का?" तुम्ही त्याची नक्कल करायचात आणि आमची हसून मुरकुंडी वळायची. त्याच्या जोडीचे आणखी दोघे तसेच झाले होते, असंही तुम्ही सांगायचात. तेही गंमत म्हणूनच.

मी दहा वर्षांचा झालो तेव्हा तुम्ही मला तसाच कातडी चेंडू आणलात आणि हातात देण्याआधी बादलीत भिजत घातलात. "त्यांचा खेळ कळायचा, तर वजनही कळायला हवं." पहिल्याच चेंडूला मी डोळे मिटले. "भित्रा कुठला! डोळे उघडे ठेव आणि कपाळ दे." दिलं. कान गच्च झाले, आणि तुम्ही शाबास म्हणालात. तुम्ही शाबास फार कमी म्हणायचात, बाबा. पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी कपाळ देत राहिलो.

मग बऱ्याच वर्षांनंतरची, पुण्याच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ. आई मेथी निवडतेय. तुम्ही दारात उभे, पायात बूट, नाड्या करकचून बांधलेल्या. "शिट्टी झाली का?" मी हसतो, कारण मला ती नक्कल वाटते. तुम्ही हसत नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?" आई म्हणाली, "छे हो, कधीच नाही." मीही मान हलवली. चेंडूला मार कोण म्हणतं?

इथले प्रशिक्षक म्हणतात, हल्लीचे चेंडू हलके असतात, दाइजोबू, काळजी नको. पण काल गोल केल्यावर पोरगा थोडा वेळ गवतावर बसला, आणि उठून भलत्याच संघाच्या बाजूला चालू लागला. मित्रांनी हाका मारल्या तेव्हा भानावर येऊन हसला. सगळेच हसले. माझी मात्र पाचावर धारण बसली, कारण हे हसणं माझ्या ओळखीचं आहे.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. काल मी प्रशिक्षकांना सांगायलाच गेलो होतो, की याला डोक्याने खेळवू नका. वाक्य जपानीत घोकून ठेवलं होतं. सामना संपला तसा पोरगा धावत आला. "बाबा, मिता?" पाहिलंत ना, म्हणून विचारत होता. पाहिलं होतं. चेंडू आला तेव्हा त्याचे डोळे सताड उघडे होते. प्रशिक्षक शेजारीच उभे होते, आणि माझ्या तोंडून तुमचं शाबास निघालं.