कंबर दुखत नव्हती तुमची

अहो,

आज अण्णा येऊन गेले. त्यांचा चहाचा कप विसळताना मला किळस आली, आणि ती तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

तुमचे सख्खे थोरले भाऊ, पण खुर्चीवर बसेनात. दाराशीच कुजबुजले, "महादेवी, धाकट्याला झालतं तसंच मला झालंय. लघवी धरवत न्हाय. कुणाला बोलू नगंस."

आठवतं? मंगळवार पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक समोर असताना कापड अर्धं मोजून तुम्ही मागं पळायचात. हेच अण्णा चारचौघांत ओरडायचे, "आलं बघा धाकट्याचं नळाला पाणी!" आणि तुम्ही हसायचात. का हसायचात हो?

औषधं थकली तेव्हा लघवी आवरणाऱ्या त्या यंत्राचं पेपरात मीच वाचलं. कमरेखाली कातडीच्या आत बारकी बॅटरी, तिची तार माकडहाडाजवळच्या नसेपर्यंत. आधी काही दिवस बाहेरून जोडून बघितलं, गुण आला, मग आत बसवलं. त्यानंतर लेकीकडं आजऱ्याला एसटीनं निघालो, तर गारगोटीच्या स्टँडवर मुतारीकडं बोट करून मलाच म्हणालात, "तू जाऊन ये, मी बसतो की!" काय ऐट होती!

तरी जगाला सांगितलंत, कंबरेचं ऑपरेशन. तो राग अजून आहे माझा.

तुम्ही गेलात त्या दिवशी अण्णा म्हणाले, "गळ्यात लिंग आणि बुडाशी ते घाणीचं यंत्र? आधी कापून काढा, मग समाधीत बसवा." डॉक्टर म्हणाले, दहन करणार असाल तर काढायला हवं, आगीत बॅटरी फुटते, पुरणार असाल तर गरज नाही. आपल्या लिंगायतांत तर माणसाला बसवूनच पुरतात. मी सगळ्यांसमोर बोलले, "यांना सुरी लावायची न्हाय. घाण तुमच्या जिभेवर हाय, अण्णा."

आणि आज तेच अण्णा काय म्हणाले, ऐका. "तवा काढून ठिवलं असतंस तर आता मला बसवलं असतं की! चांगलं चालतं यंत्र मातीत घातलंस."

शी! भाऊ मातीत गेला त्याचं काही नाही, यंत्र गेलं त्याची हळहळ!

"एकाचं काढून दुसऱ्याला बसवत न्हाईत," मी म्हटलं. "सोमवारी चला डॉक्टरकडं. मी येते."

"घरात कंबर म्हणून सांग हं."

नेईन त्यांना. त्यांचं त्यांनी झाकावं, मी तोंड उघडणार नाही. पण तुमचं यापुढं झाकणार नाही. दुकानात विचारू दे, लग्नाच्या पंगतीत विचारू दे, लघवीचा आजार होता असंच सांगेन, मान वर करून. हा माझा शब्द.

तुम्ही बसा निवांत. आता मधेच उठायचं नाही.

तुमचीच,
महादेवी