समुद्राला पाणी येईपर्यंत

१५ जानेवारी १९३९. बोरी.

मेव्हणे बन्सीधर यांनी मुंबईहून ही छापील डायरी पाठवली. कागद उत्तम. हिच्यात एकच विषय लिहायचा: आमचा समुद्रप्रवास. बाकी भानगडी दुसऱ्या वहीत.

लग्नात पारूच्या आईला शब्द दिला होता की तुला आगबोटीत बसवून समुद्र दाखवीन. त्याला सोळा वर्षं झाली. शब्द मोडलेला नाही, फक्त लांबला आहे. आता आमच्या लेकीचं, पारूचं, देवगावच्या आबासाहेबांच्या मुलाशी ठरलं. लग्न पुढच्या वर्षी. काल तिळगूळ देता देता पारूची आई म्हणाली, पोरगी एकदा सासरी गेली की तिच्यासंग मला कुठं जायला मिळायचं न्हाई. औंदा दाखवायचा तर दाखवा.

औंदा म्हणजे औंदा. निश्चय पक्का. मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून आगबोटीनं रत्नागिरी, दोन दिवस मुक्काम, परत आगबोट. देवदर्शन वगैरे काही नाही, निव्वळ मौज. बोरीत असा प्रवास आजवर कोणी केलेला नाही. चावडीवर तसं सांगून आलो.

२२ जानेवारी. सकाळी.

बजेट तयार. कापूस विकून आलेल्या पट्टीतले शंभर रुपये हाली बाजूला काढले. मुंबईत आपला निजामाचा हाली चालत नाही, कलदार लागतो, त्याचा बट्टा धरला. रेल्वे, आगबोट, हमाल, जेवणखाण, अडीअडचण. सगळं धरून अकरा रुपये शिल्लक. माझ्यासारखं बजेट सरकारात कोणी केलं असतं तर सरकारचं भलं झालं असतं. पैसे पितळी डब्यात, डबा पारूच्या आईजवळ.

११ फेब्रुवारी.

परभणीला गेलो होतो. एका रिटायर फौजदाराच्या सामानाचा लिलाव चालला होता. दुर्बीण घेतली. चौदा रुपये. शिलकेपेक्षा तीन जास्त, ते अडीअडचणीतून. समुद्रात जाऊन लांबचं दिसलं नाही तर तीच मोठी अडचण.

पैसे काढताना पारूच्या आईला सांगितलं होतं की तिकिटाचा विसार द्यायचा आहे. खोटं नाही. दुर्बीण घेतली की प्रवास मागं घेता येत नाही, म्हणजे विसारच झाला. तूर्त ती ज्वारीच्या कणगीत ठेवली आहे.

२५ फेब्रुवारी.

खाकी होल्डॉल आणि पितळी बटणांचा कोट. आगबोटीवर कपड्यांवरून माणसाचा दर्जा ठरवतात असं ऐकतो. कोट काखेत थोडा काचतो. यापुढे खर्च बंद.

८ मार्च. दुपारी.

आज ट्रायल. आगबोट हलते, लोकांना मळमळतं. सवय पाहिजे म्हणून लिंबाला मोठा झोका बांधला आणि तिघांनी आळीपाळीनं झोक्यावर बसून जेवायचं ठरवलं. पारूनं उभ्या उभ्या झोके घेत अख्खी भाकर खाल्ली, वर ठेचा मागितला. तिची आई पदर तोंडाला लावून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसली.

मला दुसऱ्या झोक्यालाच उतरावं लागलं. सकाळचा चहा जास्त झाला होता. संध्याकाळी चेहऱ्यावर ओला फडका घेऊन पडलो. ट्रायल यशस्वी.

१६ मार्च.

माळ्याकडून तीन सुके भोपळे आणले. पोहायला शिकणारी पोरं पाठीला बांधतात तसले, मोठे. माणशी एक. आगबोटीवर काय असेल नसेल, आपला इंतजाम आपल्याजवळ असावा.

पारूची आई बघत राहिली. मग म्हणाली, तुमाला पान्याचं भ्याव हाय, खरं सांगा. मी म्हणालो, भ्याव कशाचं. मी विहिरीच्या काठाशी जात नाही ते वेळ नसतो म्हणून. तिथं आसाराम असतोच. आसाराम आमचा सालगडी, मोट तोच बघतो. तिनं एकेक भोपळा बोटानं वाजवून बघितला. त्या आवाजाचा मला त्रास होतो.

२३ मार्च.

पाडव्याला बन्सीधर आले होते, आज गेले. मुंबईत कापसाच्या पेढीवर असतात. म्हणाले, दाजी, एप्रिलात या, फार तर मे. पुढं पाऊस लागला की आगबोटी बंद असत्यात.

मी खोलात शिरून चौकशी केली. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की समुद्राचं पाणी रोज दोन वेळा ओसरतं. पार मागं जातं. नावा चिखलात आडव्या पडून राहतात.

मी हादरलो. चैत्र लागतो न लागतो तोच ही गत, तर वैशाखात काय उरत असेल? आमची करपरा नदी बघा. आत्ताच म्हशीचं पोट भिजत नाही. बन्सीधर हसले, म्हणाले, दाजी, समुद्र आटत नसतो, दोन प्रहरांनी परत भरतो. मुंबईत राहून माणसं आपल्याकडचा उन्हाळा विसरतात. पारूची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती भावाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

निर्णय: मृग बरसल्यावर निघायचं. भरल्या पाण्यात आगबोट टेकायची नाही. पावसात आगबोटी बंद ठेवतात ती मुंबईची भित्री माणसं. आपण पावसाची वाट बघणारी माणसं, पावसाला काय भिणार?

२४ एप्रिल.

देवगावहून निरोप. आबासाहेबांचे वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना डोळ्यांदेखत नातसून बघायची आहे. लग्न याच वर्षी, शेवटच्या मुहूर्ताला, २२ जून. नाही म्हणता येत नाही.

पारू आत जाऊन बसली. तिची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, मग आता येळ न्हाई. ह्या आठवड्यात जाऊ. सांगितलं, टाइमटेबल पक्कं आहे. नऊ जूनला निघायचं, अठराला परत, मध्ये लग्नाला चार दिवस. ती म्हणाली, आन पाऊस आला तर. मी म्हणालो, पाऊस यावा म्हणूनच तर.

रात्री ताट तसंच सारून उठलो. वांगं कच्चं राहिलं असावं.

७ मे.

पारूच्या आईनं डबा उघडला. लग्नाच्या खरेदीसाठी नाही, नुसता बघायला उघडला. दुर्बीण, होल्डॉल, कोट, भोपळे, चावडीवरच्यांना चहा, चौकशीसाठी परभणीच्या चार खेपा. उरलेत एकतीस.

मी खुलासा तयार ठेवला होता. तिनं विचारलंच नाही. डबा झाकला, चुलीकडं गेली, भाकरी थापत बसली. भाकरीचा आवाज मोठा होता.

१० मे.

काल डब्यात नव्वद झाले. तुपाचे पैसे, गेल्या किती वर्षांचे कोण जाणे, फडक्यात बांधून ठेवले होते तिनं. सगळे आणून डब्यात टाकले. दाराशी तीन गाठोडी बांधून ठेवली, वर दशम्यांसाठी कणीक काढून ठेवली. म्हणाली, आता हाय तेवढ्यात जमतंय, उद्या सकाळची गाडी धरू. पारू माझ्या कोटाची घडी घालत होती.

मला क्षणभर वाटलं, निघावं. मग रात्री डोळे मिटले की सगळीकडं पाणी दिसू लागलं, आणि आपल्या पायाखाली काही नाही. आज सकाळी सांगितलं की अजून पाणी पुरेसं नसेल.

तेव्हा ती म्हणाली, भ्याव तुमाला हाय, समुद्राला न्हाई. आवाज चढवला नाही. तिला उन्हाचा त्रास होत असावा.

२० मे.

गाठोडी दाराशीच आहेत. येता-जाता पायाला लागतात. कोणी उचलत नाही, मीही नाही.

मुंबईहून एक ओळखीचा माणूस आला, बन्सीधरांचा निरोप घेऊन. शेवटच्या बोटी याच आठवड्यात. मी त्याला वेशीवरच गाठून चहा पाजला आणि तिथूनच वाटेला लावला. घरी सांगितलं नाही. आधीच लग्नाची गडबड, त्यात घाई नको. छातीत सारखं धडधडतं आहे. चहाच.

८ जून. संध्याकाळी.

पाऊस. मोठा. पन्हाळी वाजत आहेत. अंदाज अगदी बरोबर. उद्या निघायचं. पारूच्या आईला सांगितलं, बघ, आलं पाणी. तिनं गाठोड्यांवरची धूळ झटकली आणि एवढंच म्हणाली, बघू.

१० जून.

काल तिघं परभणी स्टेशनावर. मी कोट घातला होता. तिकीटबाबूनं कुठं निघालात विचारलं, मी मोठ्यानं सांगितलं की मुंबई आणि तिथून आगबोटीनं रत्नागिरी. बाबू हसला, खिडकीमागचा दुसराही हसला. म्हणाला, साहेब, आगबोट तो बंद हो गई. अब नारळी पूर्णिमा के बाद.

कंपनीनं अशा गोष्टी लोकांना आधी कळवायला नकोत काय? हे मी मोठ्यानं बोललो. ऐकायला तिघंचौघं हमाल होते. पारूची आई बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग रुळांकडं. पारू म्हणाली, जाऊ द्या दादा, गाडी तर बघितली.

घरी आल्यावर गाठोडी सुटली. डब्यातले पैसे मांडवाला गेले. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कारण शोधायला बसलो, सापडलं नाही.

२२ जून.

लग्न लागलं. पाऊस थांबत नाही. पारू पिवळ्या साडीत ओळखू येत नव्हती.

२३ जून.

आज पाठवणी. करपरा भरून वाहते आहे, दोन्ही थड्या धरून. थांबता येत नाही, आबासाहेबांच्या वडिलांचं आता खरं नाही. मग आसारामनं गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील आणली. आमच्याकडं पुरात अशीच माणसं उतरतात. काहील पाण्यावर सोडायची, कडीला दोर, दोन्ही बाजूंनी पोहणारे धरून नेतात. वऱ्हाड थोडं थोडं करून पलीकडं गेलं. शेवटची खेप पारूची.

बापानं लेकीला शिवेपर्यंत पोचवायचं असा आमचा रिवाज. आमची शीव नदीपलीकडं आहे.

पारू जावयाशेजारी काहिलीत बसली. मी तिला भोपळा बांधला. मग दुसरा बांधला. मग माझा होता तोही बांधला. गाठी पुन्हा पुन्हा सोडून मारल्या, पावसानं दोर फुगला होता. सगळे माझ्यासाठी थांबले. काहिलीत जागा होती, एका माणसाची. मी एक पाय टाकला. काहील हलली. मी पाय काढला आणि म्हणालो, दोर धरायला अलीकडंही माणूस पाहिजे. दोर धरायला चौघं उभे होते.

पारूच्या आईनं कासोटा वर खोचला आणि जाऊन लेकीजवळ बसली. कोणाला विचारलं नाही.

मी पळत घरी जाऊन दुर्बीण आणली. लेकीला पोचवायला आलेला माणूस काठावर दुर्बीण लावून उभा, लोकांना काय वाटलं असेल. पण दिसलं. गढूळ पाणी, मध्येच काहील गरगर फिरली तसा मी ओरडलो. पुन्हा बघितलं तर दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या. पारूची आई हसत होती. झोक्याच्या दिवशी हसली तशी. पारू काठाकडं तोंड करून काहीतरी ओरडत होती, पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग मलाच काही दिसेना.

अंधार पडता पडता काहील परत आली. पारूची आई आणि तीन भोपळे. नखशिखांत भिजली होती. विचारलं, पारू काय ओरडत होती. पदर पिळत ती म्हणाली, इचारीत होती, दादा, आता पुरंल का पानी.

मी म्हणालो, पुरेल. मे महिन्यातही पुरलं असतं.

ती म्हणाली, मला काय सांगता, तिनं इचारलंय. आणि भोपळे उचलून घराकडं चालू लागली.