टाकानिनीचे घर आणि शेवटी बोलणारा न्यायाधीश

मी, राजाराम विष्णू पेंढरकर, वय अठ्ठ्याहत्तर, इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा निवृत्त न्यायमूर्ती, निवृत्तीनंतर राहणार टाकानिनी, ऑकलंड, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास सून सानिकाला विचारावे, ती रोज माझ्याशी वाद घालते.

१. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात हे पाच खोल्यांचे घर मुलगा शार्दूल आणि सानिका यांना दिले होते, ते कधीही न विकण्याच्या अटीवर. अट का काढली, ते सांगतो.

खंडपीठावर मी ज्येष्ठ, म्हणून मधल्या खुर्चीत बसायचो. सुनावणी संपली की आत जाऊन सर्वांत कनिष्ठाने आधी मत द्यायचे आणि मी शेवटी, असा आमचा रिवाज होता. ज्येष्ठ आधी बोलला, की इतरांची मते घशातच राहतात. घरी मात्र आपली रीत. आधी मी बोलायचो, मग सगळे "हो आबा" म्हणायचे.

गेल्या रविवारी मुलगी श्रिया क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातून आली होती. घराचा विषय काढून मी गप्प बसलो आणि वयाने सर्वांत लहान सानिकाला आधी बोलायला सांगितले. ती बराच वेळ कढी ढवळत राहिली.

"आबा, रागावू नका. मला हे घर नकोय. अख्खा वीकेंड लॉन आणि साफसफाईत जातो."

शार्दूल म्हणाला, "मलाही नको. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

श्रिया म्हणाली, "मला वाटायचं तुमचा जीव आहे या घरात. रिकार्टनला माझ्याकडे या ना आबा."

माझी पाळी आली. म्हणालो, "मलाही नकोय. जिने चढून गुडघे गेले."

"स्वीट ॲज," शार्दूल म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत "झकास", आणि आम्ही पोट धरून हसलो. निवृत्तीच्या दिवशीही मला इतके हलके वाटले नव्हते.

२. घर माझ्या हयातीत विकले गेले नाही, तर नंतर विकावे. माझ्यामागे जे उरेल ते शार्दूल आणि श्रिया यांनी निम्मेनिम्मे घ्यावे.

३. गवत कापायचे यंत्र शेजाऱ्याला द्यावे. शार्दूलला चुकूनही देऊ नये.

४. घोड्याच्या केसांचा माझा न्यायाधीशाचा टोप मित्र गुरुदत्तला. दर दिवाळीला "लॉर्डसाहेब" म्हणून त्याने मला छळले आहे. त्याला साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणूनच टोप दिला, नाहीतर त्याने हे सगळे आधीच वाचून गावभर केले असते.

५. माझ्या अस्थींचे काय करावे, हे मी लिहिणार नाही. लिहिले, तर तुम्ही "हो आबा" म्हणून तेच कराल.

सही: रा. वि. पेंढरकर

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली. सही करताना आबा गुणगुणत होते.
साक्षीदार: मृणालिनी बापट, फार्मसिस्ट; नितीश ओगले, इंजिनिअर
टाकानिनी, १४ मार्च २०२५