तळहाताखालचा फासा

७ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी इकडे मजेत आहे. तुम्ही दोघं कसे आहात, भावोजींची पाठ काय म्हणते, आणि मुख्य म्हणजे घराचा रंग कसा निघाला? सुट्टीत चार दिवस राहायला येते म्हटलं तर तू म्हणालीस, "नको गं, घराला रंग काढलाय, पाय ठेवायला जागा नाही." बरं बाई. मला यायचंच आहे, त्यामुळे त्या रंगाकडे मी नंतर वळणार आहे. आधी माझी बातमी. फोनवर सांगायला गेले की तू "हो का, छान, जेवलीस का?" म्हणून मला गुंडाळतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. आता चष्मा लाव आणि नीट बस.

ताई, आपलं 'भुयार' लोक खेळतायत! आपलं! कॅलेंडरच्या पाठीवर तू आखलेलं, पलंगाखाली पालथं पडून आपण दोघी खेळायचो ते!

तुला आठवतच असेल, तरी लिहिते, कारण लिहिताना मला मजा येतेय. दोन बहिणी भुयारात अडकल्यात. प्रत्येकीकडे एक कंदील. फासा टाकत, पत्ते उचलत बाहेरची वाट शोधायची. फाशावर एक पडला की तुमचा कंदील विझला. मग दुसरीने आपला पुढे करून म्हणायचं, "माझा घे." आणि पहिलीने नको म्हणायचं नाही, मुकाट्याने घ्यायचा. जिने दिला तिने पहिलीचा हात धरून मागून यायचं, वाटेत काडेपेटीची काडी सापडेपर्यंत. आणि फासा कुठला, तर खोडरबर चौकोनी कापून त्यावर पेनाने ठिपके काढलेले. त्याचा एक कोपरा मी चावून ठेवला होता, म्हणून मेला सारखा एकावरच पडायचा.

तर झालं असं. घरच्या घरी खेळ बनवणाऱ्या लोकांचा एक गट आहे इंटरनेटवर. कुणी नकाशे काढतं, कुणी राक्षस रंगवतं, कुणी नुसतेच नियम लिहितं, आणि सगळे आपापलं तिथे टाकतात. ज्याला हवं त्याने छापावं, कापावं, खेळावं. मी बरेच महिने कोपऱ्यात बसून नुसती बघत होते. मग एका रविवारी काय अंगात आलं कोण जाणे, आपलं भुयार आठवून आठवून काढलं, पत्ते लिहिले, नियम लिहिले आणि दिलं टाकून. वाटलं होतं, चार जण बघतील, त्यातले तीन नाकं मुरडतील.

सोमवारी कामावर जेवायच्या सुट्टीत फोन उघडला आणि घास हातातच राहिला. लोकांनी डोक्यावर घेतलंय, ताई! एका नर्सबाईंनी बाटल्यांच्या झाकणांचे कंदील केलेत. एक ट्रकवाला केबिनमध्ये मांडतो, पट चुंबकाने चिकटवून. एका शाळेतल्या मुलांनी भुयाराला आणखी दोन मजले जोडले आणि मला विचारतायत, "चालेल ना?" चालेल ना म्हणे! मी इतक्या मोठ्यांदा हसले की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला आणि त्याच्या हातातली कवळी खाली पडली. फुटली नाही, देव पावला.

कवळीवरून आठवलं. तुला माहितीच आहे, आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात साचे ओतून उरलेलं प्लास्टर रोज टाकूनच देतात. मी त्यातून खेळातल्या बाहुल्या करते, बोटाच्या पेराएवढ्या, हातात कंदील घेतलेल्या. हिरड्यांचा गुलाबी रंग गालांना काय शोभतो म्हणून सांगू! तर गेल्या आठवड्यात एक बाहुली वाळत ठेवलेली, ती चुकून कवळीच्या डबीत गेली आणि डबी गेली दवाखान्यात. दुपारी दाताच्या डॉक्टरांचा मालकांना फोन. "अहो, ही बाई पेशंटच्या तोंडात बसत नाहीये." माझी तर पाचावर धारण बसली. मालक तावातावाने आले, बाहुली माझ्यासमोर आपटली आणि म्हणाले, "काय आहे हे?" मी सांगत गेले, सांगत गेले, शेवटी कंदिलावर आले. आता मालक त्यांच्या जावयाबरोबर खेळतात. जावई हरतो, असं त्यांचं म्हणणं.

आता ऐक. खरी गंमत पुढेच आहे.

नियमांमध्ये मी एक नियम असा लिहिला होता: 'खेळणाऱ्यांत जी व्यक्ती सर्वांत मोठी, तिने आपला फासा तळहाताखाली झाकून बघावा आणि आकडा तोंडाने सांगावा. इतरांनी बघू नये.' बरोबर ना? तू तसंच करायचीस. फासा पडला की त्यावर पटकन हात ठेवायचीस, बोटांच्या फटीतून बघायचीस आणि म्हणायचीस, "दोन." मला वाटायचं, हा नियमच आहे. मोठं झालं की झाकून टाकायचा! मी तर वाट बघायचे, आपण कधी मोठ्या होतोय आणि आपल्याला कधी झाकायला मिळतंय.

या नियमावर गटात हा गदारोळ. "झाकून का? मग तर खोटं सांगता येईल." "याचा उपयोग काय?" मी ठणकावून सांगितलं, "आमच्याकडे तसंच खेळतात, पिढ्यान्‌पिढ्या." पिढी म्हणजे तू आणि मी! पण लोक गुणी. कुरकुरत का होईना, तसंच खेळू लागले.

गटात एक आजोबा आहेत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. ते नातवंडांबरोबर खेळतात, आणि टेबलावर सर्वांत मोठी त्यांची बायको. परवा त्यांनी मला लिहिलं. शब्द न् शब्द माझ्या डोक्यात बसलाय, तसाच उतरवते:

"बाई, तुमच्या नियमाचा उलगडा झाला. इतके डाव खेळलो, आमच्या हिला एकदाही एक पडला नाही. मी विचारलं, अगं, असं कसं? तर म्हणाली, मला एक पडला असं कळलं तर धाकटीला तिचा कंदील मला द्यावा लागेल, आणि तिला अंधाराची भीती वाटते. मग मी सांगतेच कशाला? बाई, तुमच्या ताईंना तरी कधी एक पडला होता का?"

ताई, मी आठवायला बसले. तो चावका फासा, जो माझ्या हातून सारखा एकावर पडायचा. तुझ्या हातून कधीच नाही? एकदासुद्धा? माझा विझला की तू "माझा घे" म्हणायचीस आणि माझा हात धरून अंधारातून मागून यायचीस. मला मात्र ते वाक्य आख्ख्या लहानपणात एकदाही म्हणावं लागलं नाही. तू म्हणू दिलं नाहीस. आणि लबाडी करायचीच होती तर माणसाने सहा तरी सांगावेत! तू आपली "दोन". सगळ्यांत मागे राहायचीस आणि मी पुढून ओरडायचे, "ताईला खेळताच येत नाही!"

मी रडले. अर्थात रडले, तू मला रडूबाई उगाच नाही म्हणत. पण त्या रडण्यात आनंदच जास्त होता. वाटलं, हे आत्ताच्या आत्ता ताईला सांगायचं आणि तिला चांगलं खडसवायचं. तुझा फोन लागला नाही, म्हणून तुमच्या दुकानात लावला. भावोजींनी उचलला.

मी सहज, अगदी सहज विचारलं, "काय भावोजी, कुठला रंग लावलात?"

"रंग? कसला रंग?"

भावोजींना खोटं बोलता येत नाही, हे तू त्यांना कामाला लावण्याआधी लक्षात घ्यायला हवं होतंस. मी नुसतं "भावोजी?" म्हटलं, तर बिचारे बोलून गेले सगळं. तुझ्या गाठीचं. तपासण्यांचं. येत्या शुक्रवारी ऑपरेशन आहे त्याचं. आणि वर, "तुला कळवायचं नाही असं तिने बजावलंय गं, मी सांगितलं असं म्हणू नकोस." मी म्हणतेय. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांचा आवाज असा झाला होता की मलाच त्यांना "जेवलात का?" विचारावं लागलं.

ताई, मी चिडले नाही. म्हणजे पहिला तासभर चिडले. मग मला तुझा तो हात दिसला, फाशावर ठेवलेला. घराला रंग काढलाय म्हणे. म्हणजे "दोन"च की! केस पिकायला लागले तरी तुझा आकडा काही बदलला नाही. पण मी आता पलंगाखाली मावत नाही गं, आणि अंधाराला भीत नाही. भीती वाटते ती याची, की तू तिकडे एकटी मागे राहशील आणि मी इकडे पुढून ओरडत असेन.

मालकांनी सुट्टी दिली. नुसती दिली नाही, म्हणाले, "जा, आणि कवळ्यांची काळजी करू नका. लोक चार दिवस मऊ खातील." मी बुधवारी सकाळच्या गाडीने येते. हे पाकीट त्याआधी पोचेल. सोबत डबीत दोन बाहुल्या आहेत. उंच आहे ती तू, गाल जास्त गुलाबी आहेत ती मी. नीट बघ, कंदील माझ्या हातात आहे, तुझा हात रिकामा ठेवलाय. ऑपरेशन होऊन तू उठून बसलीस की आपण एक डाव खेळू. घड्याळजींना मी सगळं कळवलं, तर त्यांच्या बायकोने विचारलंय, ताई बऱ्या झाल्या की आमच्याशी खेळतील का. मी तुला न विचारता हो म्हणून टाकलंय. आता तुला बरं व्हावंच लागेल.

नको म्हणू नकोस. म्हणताच येत नाही, नियम तूच केलायस. आणि झाकूही नकोस, हात काढ. एक पडलाय, मी बघितलाय.

माझा घे.

तुझी,
रडूबाई