गंगूमावशींच्या खुर्चीचा फोटो

रामवाडी, पेण. बुधवार, १२ फेब्रुवारी १९९७

टाकून दिलेल्या फर्निचरचे फोटो काढतो म्हणून आळी मला हसते. हसू दे. आज शेजारच्या गंगूमावशींनी स्वतःच हाक मारली. वारलेल्या नवऱ्याची मोडकी खुर्ची बंबात जाळणार होत्या. "ह्यांचा एकबी फोटो नाय रे. खुर्चीचा तरी काढ, मग फोडते."

उजेड बघून पाच काढले.

"नीट आला ना?"

"मी काढलाय, मावशी," म्हटलं ऐटीत. त्यांनी कुऱ्हाड घातली.

घरी बघतो तर कॅमेऱ्यातला आकडा एकेचाळीसवर. रोल छत्तीसचा, फार तर अडतीसला अडायला हवा होता. रोल भरताना फिल्म चक्रीत अडकलीच नाही की काय? एकेचाळीस! रिवाइंडचं बटण फिरवून बघायचं, जड लागलं तर फिल्म सरकली आहे. हलकं लागलं तर एकही फोटो नाही. दोनदा बोट ठेवलं. फिरवलं नाही.